तुमच्या मोतीचं कार्ड कुठं आहे?

बालमित्रांनो, जरा डाव्या हाताची बाही वर करून दंडाकडे बघा बरं. खांद्याच्या थोडं खाली एक छोटासा गोल वण दिसतोय? ती बीसीजीची खूण. तुम्ही अगदी तान्हे होतात तेव्हा टोचलेली लस. पुढं पोलिओचे थेंब झाले, गोवराची लस झाली आणि या सगळ्याची नोंद आईनं एका कार्डावर जपून ठेवली. पहिलीत नाव घालताना ते कार्ड पिशवीतून बाहेर निघतं. घडीवर फाटलेलं, कडेला हळदीचा डाग पडलेलं. पण असतं नक्की!

आता दुसरा प्रश्न. तुमच्या मोतीचं कार्ड कुठं आहे? आणि मनीचं?

वर्गात हा प्रश्न विचारला की आधी खसखस पिकते. "बाई, कुत्र्याचं कसलं हो कार्ड?" पण असतं, बरं का! जनावरांच्या डॉक्टरांकडे पहिली लस टोचली की ते एक छोटी पुस्तिका देतात. तिच्यात पिल्लाचं नाव, रंग, जन्माची तारीख आणि पुढं रकानेच रकाने. लसीच्या बाटलीवरची चिठ्ठी काढून तिथंच चिकटवतात, शेजारी डॉक्टरांची सही आणि पुढं कधी यायचं ती तारीख.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, तिकडं भोसरी, मोशी, चाकणपर्यंत, कुत्री-मांजरं काही कमी नाहीत. बंगल्यात लॅब्रेडॉर असतो, चाळीत गल्लीचा मिळून एक मोती असतो. एमआयडीसीत जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या गेटवर वॉचमनकाकांच्या पायाशी एक कुत्रा पसरलेला असतोच. त्याची गंमत अशी की पहिल्या पाळीतले लोक त्याला राजा म्हणतात, दुसऱ्या पाळीतले टायगर आणि रात्रपाळीचे काळ्या! तिन्ही पाळ्यांत त्याला चपाती मिळते. पण लस टोचायला कुणी न्यायचं, हे कुठल्याच पाळीचं काम नसतं.

थंडी पडू लागली की गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात. मग तुमच्यापैकी कुणीतरी एखादं गुबगुबीत पिल्लू दप्तराआड लपवून घरी आणतं. जेमतेम वीस दिवसांचं. मुलांनो, एवढी घाई करू नका. निदान आठ आठवडे तरी त्याला आईजवळ राहू द्या. कारण सांगते. गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दुधाचा आपण खरवस करतो ना? त्या दाट दुधाला चीक म्हणतात. कुत्रीच्या पहिल्या दुधातही असा चीक असतो. आईच्या अंगात रोगांशी लढणारी जी शक्ती असते, ती चिकातून पिल्लाला मिळते आणि पहिले काही आठवडे ती त्याला सांभाळते.

पुढं ही उसनी शक्ती हळूहळू ओसरते. पण ती अंगात असेपर्यंत बाहेरून टोचलेल्या लसीलाही नीट काम करू देत नाही. ती नेमकी कोणत्या दिवशी संपली हे वरून बघून कळत नाही. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस टोचतात आणि मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं ते सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतं. "एकदा टोचलं की झालं, पुन्हा पुन्हा कशाला पैसे?" असं बाबा म्हणाले तर त्यांना हे समजावून सांगा.

या लसी कशासाठी? एक म्हणजे पार्व्हो. हा विषाणू जगाला माहीत झाला तो १९७८ साली, म्हणजे तसा अलीकडचाच. पिल्लू खाणं सोडतं, ओकतं, मग रक्ताची हगवण लागते. अंगातलं पाणी इतकं झपाट्यानं जातं की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. वेळेवर सलाइन मिळालं तर पुष्कळ पिल्लं वाचतात. पण "उद्या बघू" म्हटलं की उद्या उशीर झालेला असतो. शिवाय हा विषाणू भारी चिवट. जमिनीवर, पोत्यात, जेवणाच्या ताटलीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून एका घरात पार्व्होनं पिल्लू गेलं की त्याच जागी, त्याच पोत्यावर लगेच दुसरं आणून ठेवू नये. दुसरा रोग डिस्टेंपर. त्यात डोळ्यांतून-नाकातून घाण येते, खोकला होतो आणि पुढं अंगाला झटके यायला लागतात. मांजरांचे रोग वेगळे आणि त्यांच्या लसीही वेगळ्या. मनीला मोतीची लस चालत नाही.

आता ज्या रोगासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. त्याचं नाव रेबीज. कुत्रं पिसाळलं असं आपण म्हणतो, तोच हा रोग. तो झालेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतात. ते जनावर चावलं, नाहीतर ओरखडलेल्या जागी त्याची लाळ लागली, की विषाणू आपल्या अंगात शिरतो. मग तो रक्तातून पळत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. एकदा का तो मेंदूत पोचला आणि लक्षणं दिसू लागली, की मग जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरांचंही जवळजवळ काही चालत नाही. पण तो वाटेत असेपर्यंत आपल्या हातात वेळ असतो. लस या वेळेतच काम करते.

ही लस पहिल्यांदा टोचून घेतली ती तुमच्याएवढ्याच एका मुलानं! जोसेफ माइस्टर त्याचं नाव, वय अवघं नऊ वर्षं. जुलै १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे ठिकठिकाणी लचके तोडले होते. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांनी रेबीज झालेल्या सशांच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वाळवून लस बनवली होती आणि कुत्र्यांवर तिचे प्रयोग केले होते. पण माणसाला ती टोचायची? चुकलं तर? आणि न टोचली तर मुलगा जगण्याची आशा फार थोडी. ६ जुलै १८८५ ला पाश्चर यांच्यासमोर एका डॉक्टरनं जोसेफला पहिली सुई टोचली. पुढच्या काही दिवसांत अशा तेरा सुया झाल्या. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच रखवालदार म्हणून नोकरीला लागला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला वारले. त्यांची आठवण म्हणून २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन पाळतात.

भारतात १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेतही रेबीजची लस बनत असे. ती लस पोटात टोचायची, चौदा-चौदा दिवस. आजोबांना विचारा, "कुत्रं चावलं तर काय होतं?" ते हटकून म्हणतील, "चौदा इंजेक्शनं, पोटात!" बिचाऱ्यांनी स्वतः घेतली असतील किंवा कुणाला घेताना पाहिलं असेल. ही भीती आजही मुलांच्या मनात बसलेली आहे आणि तीच मोठी घातक आहे. कारण ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीला बंद झाली. आता नवी लस दंडात टोचतात, चार किंवा पाच वेळा, ठरलेल्या दिवशी. दुखणं म्हणाल तर तुमच्या शाळेतल्या धनुर्वाताच्या सुईइतकंच.

तरी मुलं सांगत नाहीत! जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं, त्या दर दहा माणसांतली चार ही पंधरा वर्षांखालची मुलं असतात. आणि न सांगण्याची कारणं काय, तर "आई ओरडेल", "बाबा कुत्रं हाकलून देतील", "थोडंच खरचटलंय". आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी आहे. मूल येऊन म्हणालं, "मला कुत्रं चावलं," तर तिथं कशाला गेला होतास, खोडी कुणी काढली, ही उलटतपासणी नंतर करा. आधी त्याला नळाखाली न्या.

हो, नळाखालीच. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पंधरा मिनिटं! या विषाणूवर चरबीचं एक पातळ वेष्टण असतं आणि साबण ते वेष्टण फोडतो. कपड्याचा साबण चालेल, अंगाचा चालेल. हळद, चुना, तिखटाची पूड, रुईचा चीक, यातलं काही लावायचं नाही. त्यानं जखम चिघळते आणि मोलाचा वेळ जातो. मग तडक दवाखाना. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, ज्याला आपण सगळे वायसीएम म्हणतो, ही लस मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर डॉक्टर लसीबरोबर जखमेच्या आत आणखी एक औषध टोचतात. चेहऱ्याला किंवा डोक्याला चावलं असेल तर घाई जास्त, कारण तिथून मेंदू जवळ.

"पण आमचा मोती घरचाच आहे, तो खेळता खेळता चावला." तरीही धुवायचं, तरीही डॉक्टरांना दाखवायचं. मोती पुढचे दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर मानतात आणि उरलेल्या सुयांचं काय करायचं ते ठरवतात. पण ते दहा दिवस वाट बघत बसायचं नाही, लस आधी सुरू करायची. मांजराचंही हेच. मनी ओरबाडते म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मांजरालाही रेबीज होतो.

आणि इथं मोतीचं कार्ड कामाला येतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला, बहुधा दरवर्षी, पुन्हा. कार्डावर ती नोंद असली की मोतीही सुरक्षित, तुम्हीही आणि शेजारची सोनूही.

एका घरानं केलं तर काय होणार, असं वाटतं ना? मग गोव्याचं ऐका. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव, वाडीवाडीवर कुत्र्यांना लस टोचायचं काम हाती घेतलं. पाळीव कुत्री मालकांनी धरून आणली, भटकी जाळीनं पकडली, टोचून तिथल्या तिथं सोडून दिली. शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. हिशेब असा, की दर शंभर कुत्र्यांतली सत्तर टोचली की रोगाला पुढं जायला वाट उरत नाही. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षांत गोव्यात रेबीजनं एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. देशातलं पहिलंच राज्य! गोव्यानं कुत्री मारली नाहीत, टोचली.

रेबीज झाला, आता आपल्या भागातले काही खास धोके सांगते. हे पुस्तकात फारसे सापडत नाहीत. आपल्याकडं गॅरेजं फार. गाडीच्या रेडिएटरमध्ये जे रंगीत कूलंट घालतात, त्यातल्या बहुतेकांत एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड. जमिनीवर सांडलं की कुत्रं-मांजर ते चाटतं आणि मग त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. मांजराला तर चमचाभरही पुरतं. ज्यांचे बाबा किंवा काका गॅरेजमध्ये आहेत त्यांनी घरी हे जरूर सांगा. सांडलं तर लगेच पुसून पाण्यानं धुऊन टाकायचं. दुसरं म्हणजे थंडीत मांजरं ऊब शोधत बॉनेटखाली इंजिनाशेजारी जाऊन झोपतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, मांजर असेल तर उडी मारून पळतं. लेथच्या शेडमागं फिरणाऱ्या कुत्र्यांच्या पंजात लोखंडाचा बारीक चुरा रुततो. मोती लंगडायला लागला तर आधी पंजा उलटा करून बोटांच्या मधे बघा. आणि एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावरून त्याला फिरवू नका. तुमच्या पायात बूट असतात, त्याच्या नसतात.

घरातले धोके वेगळेच. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधांचा कारखाना असलेलं हे आपलं गाव. पण माणसांची औषधं जनावरांना मनानं द्यायची नाहीत. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे. फरशीवरचं फिनेल मांजराच्या पंजांना लागतं आणि पंजे चाटताना पोटात जातं, म्हणून फरशी वाळेपर्यंत मनीला दुसऱ्या खोलीत ठेवा. उंदराचं औषध खाल्लं असा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता, औषधाचं पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे पळा. पाकिटावरचं नाव वाचून त्यांना उपाय लवकर ठरवता येतो. आणि मोठ्या मांजराला वाटीभर गाईचं दूध द्यायची आपली पद्धत! मांजराला दूध आवडतं खरं, पण पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. स्वच्छ पाणी ठेवा.

ताप आलाय का हे नाकाला हात लावून बघायची एक पद्धत आहे. नाक गार म्हणजे बरं, गरम म्हणजे आजारी. त्यावर फार विसंबू नका. मोतीचं आणि मनीचं अंग मुळातच आपल्याहून गरम असतं. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. तुम्हाला एवढा ताप आला तर शाळेला सुट्टी, त्यांना मात्र ते नेहमीचंच! खाणं सोडलं, कोपऱ्यात लपून बसलं, लघवी अडली, अंगावर गोचीड झाले आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, हे बघा.

न्यायचं कुठं? महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग नेहरूनगरला आहे. गावांकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते मुळात गाई-बैलांसाठी निघालेले. चाकणला तर शनिवारी गुरांचा मोठा बाजारच भरतो. पण तिथं कुत्र्या-मांजरांनाही नेता येतं. खासगी डॉक्टरही आता पुष्कळ आहेत. नदीपलीकडं औंधला तर जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी बनवणारी राज्य सरकारची संस्था आहे, म्हणजे लसीच्या बाबतीत आपण अगदी कारखान्याच्या दारातच राहतो म्हणा ना! जनावरांचा डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं शिकावं लागतं. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि सातारा रस्त्यावर शिरवळलाही एक आहे. माणसांच्या डॉक्टरला रोगी सांगतो, "इथं दुखतंय." यांचा रोगी बोलत नाही आणि वर चावायला येतो. म्हणून तुम्ही नीट बोलायला हवं: कधीपासून खात नाही, किती वेळा ओकलं, शेवटचं काय खाल्लं. मनीला नेताना हातात धरून नेऊ नका. हॉर्न वाजला की ती निसटते. झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या, आत तिच्याच वासाचं फडकं घाला.

दोन गोष्टी मोठ्यांसाठी राहिल्या. पिल्लं नको असतील तर डॉक्टरांकडून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. पोत्यात घालून रात्री हायवेला सोडून येणं हा उपाय नव्हे. गल्लीतल्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया महापालिका करते, त्याच वेळी रेबीजची लस टोचते आणि जिथून धरलं त्याच भागात परत सोडते. ओळखीसाठी कानाला छोटीशी कातर मारलेली असते. उद्या शाळेत जाताना बघा, तुमच्या गल्लीतल्या कुणाकुणाचा कान कातरलेला आहे, मात्र लांबूनच. आणि महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. परवाना मागायला गेलात की पहिली विचारणा होते ती लसीच्या दाखल्याची.

तेव्हा या रविवारी एक काम करा. घरात मोतीची पुस्तिका असेल तर शोधा आणि शेवटची तारीख वाचा. नसेल तर वहीच्या मागच्या पानावर रकाने आखा: नाव, रंग, जन्म अंदाजे कधी, रेबीजची लस, इतर लसी, जंताचं औषध, पुढची तारीख. पहिले तीन रकाने तुम्ही भरा. बाकीचे भरायला बाबांना घेऊन दवाखान्यात जावं लागेल. आणि गेटवरच्या त्या काळ्याचं, म्हणजे राजाचं, म्हणजे टायगरचं कार्ड कोण काढणार, हेही जाता जाता वॉचमनकाकांना विचारून बघा.